एक टेस्ट सर्व्हर, चार टीम आणि शनिवारची एक रात्र

प्रश्न : मी पुण्यातल्या एका कंपनीत सर्व्हरची देखभाल पाहते. कंपनी हिशेब आणि जीएसटी बिलिंगचे सॉफ्टवेअर बनवते. चार टीममध्ये मिळून आमच्याकडे एकच टेस्ट सर्व्हर आहे. ऑफिसातल्या मोठ्या यंत्रावर चालणारी ती एक व्हर्च्युअल मशीन आहे; तिच्यावर सेंटओएस ७ ही लिनक्स प्रणाली, पोस्टग्रेस १२ हा डेटाबेस, जावा ८ वरचे टॉमकॅट हे वेब सर्व्हर आणि बिल्डसाठी (कोडपासून चालणारे सॉफ्टवेअर तयार करण्यासाठी) जेनकिन्स असे सगळे एकत्र नांदते. डेटाबेस मिळून सुमारे ६०० जीबी भरतात आणि त्यांतले निम्मे कोणाचे आहेत हे मला ठाऊक नाही. प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहक वापरतात ते खरे सर्व्हर, मागच्या वर्षीच रॉकी लिनक्स ९ आणि पोस्टग्रेस १६ वर गेले, त्यामुळे आमच्याकडे पास झालेल्या गोष्टी तिकडे नापास होऊ लागल्या आहेत. अपग्रेड हवे हे सर्वांना मान्य आहे, पण तारीख काढली की प्रत्येक टीम म्हणते, "या आठवड्यात नको." साहेबांचे म्हणणे असे, की टेस्ट सर्व्हरच तर आहे, एका शनिवारी रात्री बसून उरकून टाका. आहे त्याच मशीनवर अपग्रेड करावे की नवी उभारावी, डेटाबेस सोबतच हलवावा की नंतर, आणि जुना सर्व्हर नेमका कधी बंद करावा?
— चौघांच्या कात्रीत सापडलेली

उत्तर : आपल्या चार टीम तारीख देत नाहीत याचे कारण मला त्यांच्या वेळापत्रकात दिसत नाही, ते आपल्याच पत्रातल्या एका वाक्यात दिसते. निम्मे डेटाबेस कोणाचे आहेत हे आपल्याला ठाऊक नाही, असे आपण प्रामाणिकपणे लिहिले आहे. नेमके काय हलणार आहे हे जिथे कोणालाच सांगता येत नाही, तिथे कोणता शहाणा टीम लीड "हो, मंगळवारी हलवा" असे म्हणेल? "या आठवड्यात नको" याचा अर्थ बहुतेक वेळा "माझे काय मोडेल ते मला कळत नाही" असा असतो, आणि तो तसा घेतला तर पुढची बरीच योजना आपोआप सुचते. तारखेचा आग्रह तूर्त सोडा. आधी यादी करा. तारखा त्या यादीतूनच निघतील.

त्याआधी आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आडवळण न घेता देतो : नवी मशीन उभारा, जुनी तशीच चालू राहू द्या आणि एकेक टीम नव्या मशीनवर न्या. सेंटओएस ७ वरून थेट रॉकीच्या ९ च्या पिढीवर जाता येत नाही. आधी ७ वरून ८ आणि मग ८ वरून ९ असे दोन टप्पे घ्यावे लागतात. त्यासाठी रेड हॅटचे लीप आणि त्याच्यावर आधारलेले अल्मालिनक्सचे एलिव्हेट ही साधने आहेत. ती वाईट नाहीत, आणि एकाच कामासाठी राखलेल्या एखाद्या मशीनवर ती वापरायला मी नको म्हणणार नाही. आपली अडचण वेगळी आहे, कारण आपली मशीन सामायिक आहे. समजा, अपग्रेडनंतर तीन टीमचे सगळे सुरळीत चालले आणि मंगळवारी चौथ्या टीमच्या लक्षात आले, की त्यांचे काहीतरी मुळातूनच मोडले आहे. त्या वेळी स्नॅपशॉटवर, म्हणजे अपग्रेडपूर्वी जतन केलेल्या मशीनच्या प्रतीवर, मागे जायचे म्हणजे इतर तिघांचे दोन दिवसांचे कामही पुसून टाकायचे, आणि मागे न जायचे म्हणजे चौथ्यांना अडकवून ठेवायचे. सामायिक मशीनवर परतीची वाट एकट्याची राहत नाही, आणि एका रात्रीत उरकण्याच्या बेताला माझा खरा आक्षेप हाच आहे. शनिवारची रात्र कमी पडेल की पुरेल हा त्यानंतरचा मुद्दा.

नवी मशीन उभारण्यापूर्वी एक छोटी गोष्ट तपासा, कारण ती वेळेवर कळली नाही तर पहिलाच दिवस वाया जातो. रॉकी लिनक्स ९ ला प्रोसेसरची 'एक्स८६-६४-व्ही२' ही किमान पातळी लागते. गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या जवळपास प्रत्येक सर्व्हर-प्रोसेसरमध्ये ती आहे. परंतु व्हर्च्युअलायझेशनच्या जुन्या मांडणीत आतल्या मशीनला खरा प्रोसेसर दाखवण्याऐवजी 'केव्हीएम६४' सारखा एक जुना, सर्वसाधारण नमुना दाखवला जातो, आणि मग इन्स्टॉलर सुरू होताच जीलिबसी या लिनक्सच्या मूलभूत लायब्ररीची घातक चूक पडद्यावर येऊन सगळे थांबते. उपाय एका सेटिंगचा आहे : त्या मशीनसाठी प्रोसेसरचा प्रकार यजमान यंत्राचाच ठेवावा. मेमरीचेही गणित मांडून ठेवा. दोन्ही मशीन काही आठवडे शेजारी शेजारी चालणार आहेत, तेव्हा नवीला सुरुवातीला निम्मी मेमरी द्या आणि टीम जसजशा सरकतील तसतशी जुनीची काढून नवीला देत जा.

आता यादीकडे येतो. माझ्या मते या सगळ्या कामाचा अर्धा जीव त्या यादीत आहे.

डेटाबेस कोणाचा आहे हे टीमला विचारून कळत नाही. विचारले की सर्व जण "आमचाच असेल, राहू द्या" असे म्हणतात, कारण राहू द्या म्हणायला पैसे पडत नाहीत. म्हणून मशीनलाच विचारा. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक जोडणीची लॉगमध्ये नोंद करण्याचे सेटिंग असते. ते चालू करायला डेटाबेस बंद-चालू करावा लागत नाही, सेटिंग पुन्हा वाचायला लावले की पुरते. मग कोणता वापरकर्ता, कोणत्या डेटाबेसमध्ये आणि कोणत्या आयपी पत्त्यावरून आला, हे लॉगमध्ये आपोआप साठत जाते. जोडणी एकदा उघडून आठवडाभर तशीच धरून ठेवणारेही असतात, त्यामुळे दर पंधरा मिनिटांनी चालू जोडण्यांची एक प्रतही फाइलमध्ये टाकत राहा. ही नोंद निदान एक पूर्ण महिना चालली पाहिजे, आणि आपल्या धंद्यात तर त्या महिन्यात अकरा आणि वीस या दोन्ही तारखा आल्याच पाहिजेत. जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी या जीएसटी विवरणपत्रांच्या मुदतींभोवती चालवल्या जाणाऱ्या चाचण्या एरवी तीन आठवडे गप्प असतात, आणि गप्प असलेला डेटाबेस बेवारस समजून मागे टाकला की नेमका दहा तारखेला फोन येतो.

डेटाबेसखेरीज मशीनच्या कोपऱ्यांत काय दडले आहे तेही उघडे करा. प्रत्येक वापरकर्त्याचा क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी, पाहा, नोकरी सोडून गेलेल्या माणसांच्या नावाचे सुद्धा. माझा अनुभव असा, की सर्वांत महत्त्वाची रात्रीची स्क्रिप्ट नेमकी अशाच कोणाच्या तरी खात्यातून चालत असते. कोणत्या पोर्टवर (जोडणीच्या क्रमांकित दारावर) कोणती प्रक्रिया ऐकते आहे ते लिहून काढा. आरपीएम या पॅकेजे बसवणाऱ्या साधनाच्या पडताळणीच्या आज्ञेने मूळ पॅकेजमधल्या कोणत्या फाइली हाताने बदलल्या आहेत ते दिसते. पाच-सहा वर्षांत कोणीतरी घाईने केलेले, कुठेही न लिहिलेले बदल तिथे सापडतात. बाहेरच्या कोणत्या सेवांनी आपल्या टेस्ट सर्व्हरचा आयपी पत्ता त्यांच्या परवानगीच्या यादीत घेतला आहे तेही शोधा, कारण तो पत्ता बदलायला समोरच्याकडून लागणारे दिवस आपल्या हातात नसतात आणि हा अर्ज सर्वांत आधी करावा लागतो. पायथन २ मध्ये लिहिलेल्या स्क्रिप्ट वेगळ्या काढा. सेंटओएस ७ वर नुसते 'पायथन' म्हटले की पायथन २ मिळत असे. रॉकी ९ मध्ये ते नाहीच, तिथे पायथन ३.९ आहे. अशा स्क्रिप्ट ज्या टीमच्या असतील त्यांना आजच कळवले तर त्यांच्या हाती महिना असतो, हलवण्याच्या दिवशी कळवले तर तासही नसतो.

यादी साठत असतानाच एक काम जुन्या सर्व्हरवर करून घ्या. चार टीमच्या कॉन्फिगरेशन फाइलींत, टेस्टरच्या बुकमार्कमध्ये आणि कोणाच्या तरी लॅपटॉपवरच्या स्क्रिप्टमध्ये आज या मशीनचा आयपी पत्ता थेट लिहिलेला असणार. त्याऐवजी प्रत्येक टीमला ऑफिसच्या डीएनएसमध्ये (नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या सेवेत) स्वतःचे एक नाव द्या. बिलिंगच्या टेस्टचे वेगळे, पेरोलच्या टेस्टचे वेगळे. ही सर्व नावे आज जुन्याच मशीनकडे वळवा, इतर यंत्रांनी त्यांचा पत्ता लक्षात ठेवण्याची मुदत पाच मिनिटांची ठेवा आणि महिनाभरात सर्वांना पत्त्याऐवजी नाव वापरायला लावा. हे करताना काहीच हलत नसते, म्हणून कोणी विरोधही करत नाही. पण नंतर एखादी टीम हलवायची म्हणजे तिचे एक नाव नव्या मशीनकडे वळवायचे आणि तिचे ॲप्लिकेशन बंद-चालू करायचे, एवढेच काम उरते. बंद-चालू करणे मात्र विसरू नका. जोडण्यांचा साठा धरून बसलेले ॲप्लिकेशन नाव बदलल्यानंतरही जुन्याच डेटाबेसशी बोलत राहते आणि सर्वांना वाटते की सगळे छान झाले.

नव्या मशीनवर कोणत्या आवृत्त्या बसवायच्या याबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगतो, कारण या टप्प्यावर उत्साह नडतो. नवीन बसवतोच आहोत तर सर्वांत ताजे बसवू, असा मोह होतो. तो टाळा. टेस्ट सर्व्हरचे काम प्रॉडक्शनसारखे दिसणे हे आहे. प्रॉडक्शन रॉकी ९ आणि पोस्टग्रेस १६ वर आहे, तर इथेही तेच, शक्य तर त्याच उप-आवृत्तीचे. रॉकी ९ ला मे २०३२ पर्यंत आणि पोस्टग्रेस १६ ला नोव्हेंबर २०२८ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत, तेव्हा घाई कसलीच नाही. प्रॉडक्शनमध्ये जावा अजून ८ असेल तर इथेही ८ च ठेवा; रॉकी ९ वर ते मिळते. सर्व्हरचा टाइमझोन आणि डेटाबेसचे लोकेल (भाषेचे आणि अक्षरक्रमाचे सेटिंग) हेही प्रॉडक्शनला विचारूनच ठरवा. जुनी मशीन हाताने उभी केलेली असल्यामुळे तिच्यावर भारतीय वेळ आणि प्रॉडक्शनवर यूटीसी ही जागतिक वेळ, असा फरक मी इतक्या ठिकाणी पाहिला आहे, की तो नसला तरच मला नवल वाटेल. बिलाची तारीख रात्री साडेबारा वाजता आदल्या दिवशीची का पडते हे कोडे अशा फरकातूनच जन्मते. रॉकी ९ जोडणी सुरक्षित करणारे जुने टीएलएस १.० आणि १.१ स्वीकारत नाही आणि एसएचए-१ या जुन्या पद्धतीच्या डिजिटल सह्याही नाकारते. एखादे जुने साधन त्या सह्यांमुळे जोडले गेले नाही तर सबंध मशीनचे धोरण 'लेगसी' करण्याची सोय आहे, आणि ती वापरण्याचा आग्रह आपल्याला नक्की होईल. प्रॉडक्शनमध्ये तसे केलेले नसेल तर इथेही करू नका. तसे केल्यास टेस्ट पुन्हा खोटे बोलू लागेल आणि आपण जिथून निघालो तिथेच येऊ.

ही सर्व उभारणी ॲन्सिबलसारख्या साधनातून, लिहिलेल्या स्वरूपात करा. नवी मशीन उभी झाली की ती मोडा आणि त्याच लिखाणावरून पुन्हा उभी करा. पहिल्या खेपेला हाताने केलेल्या आणि लिहायच्या राहिलेल्या चार-पाच गोष्टी दुसऱ्या खेपेला हटकून उघड्या पडतात.

डेटाबेस सोबतच हलवावा की नंतर, या आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर : सोबतच. पोस्टग्रेस १२ चा पाठिंबा नोव्हेंबर २०२४ मध्ये संपला आहे, प्रॉडक्शन १६ वर आहे, आणि नव्या मशीनवर आधी १२ बसवून नंतर पुन्हा १६ करणे म्हणजे चारही टीमना तोच त्रास दोनदा देणे. हलवण्याची पद्धत मात्र विचारपूर्वक निवडा, आणि इथे मी जरा सविस्तर लिहितो.

डेटाबेसची डिरेक्टरी जशीच्या तशी नव्या मशीनवर नेऊन पीजी-अपग्रेड हे पोस्टग्रेसची आवृत्ती बदलणारे साधन चालवणे हा वेगवान मार्ग वाटेल. सेंटओएस ७ वरून येताना तो मार्ग धोक्याचा आहे. लिनक्सवर अक्षरांचा क्रम ठरवण्याचे काम पोस्टग्रेस सर्वसाधारणपणे जीलिबसी या मूलभूत लायब्ररीवर सोपवतो, आणि २०१८ साली आलेल्या जीलिबसी २.२८ मध्ये हा क्रम मोठ्या प्रमाणावर बदलला. सेंटओएस ७ वर जीलिबसी २.१७ आहे, रॉकी ९ वर २.३४, म्हणजे आपण नेमकी ती रेषा ओलांडणार आहात. पडताळून पाहायचे असेल तर इंग्रजीच्या नेहमीच्या यूटीएफ-८ लोकेलमध्ये '१-१' आणि '११' या दोन ओळी, अर्थात इंग्रजी अंकांत, दोन्ही मशीनवर क्रमाने लावून पाहा : जुन्या मशीनवर '११' आधी येते, नवीवर '१-१'. आपले सॉफ्टवेअर बिलिंगचे आहे आणि बिल क्रमांकांत आडवी रेघ असणारच. मजकुराच्या रकान्यांवरचे इंडेक्स (लवकर शोधण्यासाठीच्या सूची) जुन्या क्रमाने रचलेले असतात. नवा क्रम मानणारा पोस्टग्रेस त्यांत शोधू लागला की समोर असलेली नोंद त्याला सापडत नाही, आणि एकमेव असायला हवा तो बिल क्रमांक दोनदा शिरू शकतो. यात कोणतीही चूक पडद्यावर दिसत नाही, म्हणून तर हा दोष अधिक वाईट. प्रॉडक्शन हलवताना हे कोणी लक्षात घेतले होते का, एवढे जाता जाता विचारून पाहा. घेतले नसेल तर मजकुराचे इंडेक्स पुन्हा बांधणे हे तिथले पहिले काम आहे, आणि आपण सांगता त्या 'टेस्टमध्ये पास, तिकडे नापास' प्रकरणांपैकी काहींचे मूळ कदाचित तिथेच निघेल.

टेस्टसाठी सुरक्षित मार्ग साधा आहे : पीजी-डंपने डेटाबेसची प्रत काढा, पीजी-रिस्टोअरने ती नव्या मशीनवर भरा. भरताना सर्व इंडेक्स नव्याने बांधले जातात, त्यामुळे वरचा प्रश्न उरतच नाही. डंप काढताना आज्ञा नव्या, म्हणजे १६ च्या आवृत्तीची वापरा आणि ती जुन्या डेटाबेसकडे वळवा. डिरेक्टरीच्या स्वरूपात काढल्यास अनेक प्रक्रिया एकाच वेळी चालवता येतात आणि वेळ पुष्कळ वाचतो. वापरकर्ते आणि त्यांचे अधिकार एकेका डेटाबेसच्या डंपमध्ये येत नाहीत, ते पीजी-डंपऑलने वेगळे काढावे लागतात. भरून झाल्यावर ॲनलाइझ ही तक्त्यांची आकडेवारी गोळा करणारी आज्ञा चालवल्याशिवाय कोणालाही आत घेऊ नका. डंपमधून आलेल्या डेटाबेसला आपल्या तक्त्यांचा अंदाज नसतो, तो वेड्यावाकड्या वाटांनी शोधू लागतो, आणि पहिल्या दिवशीच "नवा सर्व्हर जुन्यापेक्षा हळू आहे" अशी वदंता पसरते. अशी वदंता एकदा बसली की पुढे दुरुस्ती झाली तरी ती जात नाही.

आणखी दोन ठिकाणी ठेच लागते. पोस्टग्रेस १४ पासून नवे पासवर्ड स्क्रॅम पद्धतीने साठवले जातात. जुन्या प्रणालीतून आलेले पासवर्ड एमडी५ या जुन्या पद्धतीतच राहतात, म्हणून प्रवेशाच्या नियमांच्या फाइलीत सुरुवातीला 'एमडी५' असेच लिहा. त्यात दोन्ही प्रकार चालतात. नव्याने पासवर्ड ठेवलेल्या खात्यात मात्र जावाचा जुना ड्रायव्हर (ॲप्लिकेशनला डेटाबेसशी जोडणारा भाग) शिरू शकत नाही आणि 'ऑथेंटिकेशन टाइप १०' चालत नाही अशी तक्रार करतो. पोस्टग्रेसचा जेडीबीसी ड्रायव्हर ४२.२.० किंवा त्यापुढचा असला म्हणजे ही अडचण येत नाही. दुसरी ठेच अधिक गोंधळाची आहे. पोस्टग्रेस १५ पासून नव्या डेटाबेसमध्ये 'पब्लिक' स्कीमात (तक्त्यांच्या सामायिक कप्प्यात) कोणालाही तक्ते बनवू देण्याची जुनी मुभा काढून घेतली आहे, पण डंपमधून भरलेल्या डेटाबेसमध्ये ती जुनी मुभा तशीच येते. त्यामुळे हलवलेले सर्व डेटाबेस नीट चालतील आणि रोज रात्री रिकामा डेटाबेस बनवून त्यात चाचण्या चालवणारी एखादीच टीम परवानगी नाकारल्याची ओरड करील. तेव्हा तिच्या स्क्रिप्टमध्ये अधिकार देणारी एक ओळ वाढवायची, सर्वांसाठी दार उघडायचे नाही.

जेनकिन्स या सगळ्यातून बाहेर काढा. बिल्ड आणि टेस्ट एकाच मशीनवर असणे ही जागेच्या टंचाईतून पडलेली सवय आहे. जेनकिन्सच्या आजच्या आवृत्त्यांना स्वतःसाठी ८ पेक्षा पुष्कळ नवे जावा लागते, आपले ॲप्लिकेशन ८ वर आहे. दोघांना वेगळ्या छोट्या मशीन दिल्या की हा झगडा मिटतो.

एक कबुली द्यायला हवी. मी फार पूर्वी ज्या कंपनीत होतो तिथे आम्ही असाच टेस्ट सर्व्हर हलवला, प्रॉडक्शनची ताजी प्रत त्यावर भरली, आणि क्रॉन चालू ठेवूनच घरी गेलो. रात्री दोन वाजता थकबाकीची स्मरणपत्रे खऱ्या ग्राहकांच्या खऱ्या ईमेलवर गेली, आणि ती दोनदा गेली, कारण जुन्या आणि नव्या दोन्ही मशीनवर तोच क्रॉन चालू होता. सकाळी ज्यांनी फोन घेतले ते त्यानंतर कितीतरी दिवस आमच्याशी बोलत नव्हते. म्हणून नव्या मशीनवर क्रॉन सर्वांत शेवटी आणि एकेक करून चालू करा. तिच्यातून बाहेर जाणारी सर्व मेल मेलपिटसारख्या सापळ्यात अडकवा, एसएमएसच्या चाव्या टेस्टच्याच आहेत याची खात्री करा, आणि फायरवॉलवरही बाहेरची वाट बंद ठेवा. प्रॉडक्शनची प्रत भरतच असाल तर नावे, मोबाइल क्रमांक, पॅन आणि बँकेचे तपशील बदलूनच भरा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा टेस्ट सर्व्हरला वेगळी सूट देत नाही, आणि चाळीस जणांना खुल्या असलेल्या मशीनवर ग्राहकांचे खरे पॅन पडून असणे कायदा नसता तरीही अशोभनीयच होते.

आता तारखांकडे वळू. टीमना "केव्हा सोयीचे होईल?" असे विचारू नका, त्याला उत्तर नसते. यादीचा महिना संपताच पुढच्या पाच-सहा आठवड्यांतले मंगळवार आणि बुधवार सकाळचे तीन-तीन तासांचे तुकडे मांडा, अकरा आणि वीस तारखेच्या आधीचे तीन दिवस स्वतःच वगळा, आणि टीमना त्यांतून निवडायला सांगा. जी टीम आठवडाभरात निवडणार नाही तिला उरलेला तुकडा मिळेल, हे त्याच पत्रात लिहा आणि त्यावर साहेबांची संमती आधी घेऊन ठेवा. शुक्रवार संध्याकाळ, शनिवार रात्र, गणपती आणि दिवाळीची सुट्टी या वेळा वरवर सोयीच्या दिसतात, कारण तेव्हा कोणाचे काम अडत नाही; पण त्याच कारणाने तेव्हा तपासायलाही कोणी नसते, आणि मोडलेले सगळे सोमवारी सकाळी एकदम अंगावर येते. सर्वांत आधी कोणती टीम न्यायची? सर्वांत लहान टीम आधी, असे साधारणपणे सुचवले जाते. माझे मत वेगळे आहे. ज्या टीमची पुढची रिलीज लांब आहे आणि जिचा टेस्टर खोड काढण्यात तरबेज आहे, ती आधी न्या. तिने काढलेल्या खोडी पुढच्या तिघांना लागत नाहीत.

प्रत्येक टीमकडून एक माणूस आणि दहा तपासण्या लिहून घ्या, आणि त्या तपासण्या हलवण्याच्या आदल्या आठवड्यात जुन्या सर्व्हरवर चालवून घ्या. ही पायरी कोणी सुचवत नाही, पण भांडणे ती वाचवते. दहापैकी दोन तपासण्या आजही नापास होत असतात आणि ते सर्वांच्या अंगवळणी पडलेले असते. आधीची नोंद नसेल तर त्या दोन्हींचे खापर नव्या सर्व्हरवर फुटते. किती वेळ लागला तोही लिहून ठेवा, म्हणजे 'हळू झाले' या तक्रारीला आकड्याने उत्तर देता येते. तीन तासांत दहाच्या दहा तपासण्या पूर्वीसारख्या उतरल्या नाहीत तर त्या टीमचे नाव पुन्हा जुन्या मशीनकडे वळवायचे आणि पुढचा तुकडा घ्यायचा, असे आधीच ठरलेले असू द्या. तसे करावे लागले तर ते अपयश मानू नका; शेजारी नवी मशीन उभारण्याचा सगळा खटाटोप त्याच सोयीसाठी केलेला असतो.

साहेबांना तांत्रिक कारणे सांगण्यापेक्षा हिशेब मांडा. चार टीममध्ये मिळून चाळीस माणसे असतील आणि शनिवारच्या रात्रीनंतर एकच दिवस सर्व्हर अर्धवट राहिला, तर चाळीस माणसांचे दिवस गेले, म्हणजे एका माणसाचे जवळजवळ दोन महिन्यांचे काम. याउलट मी सांगतो त्या पद्धतीत आपला एकटीचा वेळ अधिक जातो आणि दोन-अडीच महिने लागतात, पण एका वेळी एकच टीम आणि तीही तीन तास थांबते. "टेस्ट सर्व्हरच तर आहे" या वाक्याला वाद घालून उत्तर देऊ नये. चाळीस माणसे रोज ज्या सर्व्हरवर काम करतात तो त्यांच्यापुरता प्रॉडक्शनच असतो, आणि हे साहेबांना आकड्यातून लवकर पटेल.

राहता राहिला जुना सर्व्हर. सेंटओएस ७ ला ३० जून २०२४ नंतर दुरुस्त्या मिळत नाहीत आणि त्याची पॅकेजे आता केवळ जुन्या संग्रहात उरली आहेत, तेव्हा हा सर्व्हर इंटरनेटवरून दिसत असेल तर ते दार आजच बंद करा, अपग्रेडची वाट पाहू नका. एखादी टीम हलली की त्याच दिवशी जुन्या मशीनवरचे तिचे डेटाबेस फक्त वाचण्यापुरते ठेवा. असे केले नाही तर कोणीतरी जुन्या पत्त्यावर लिहीत राहते, आणि दोन आठवड्यांनी कोणत्या मशीनवरचा डेटा खरा यावर वाद होतो. चौथी टीम हलल्यानंतर दोन आठवडे जोडण्यांचा लॉग पाहत राहा. त्यात नवे कोणी दिसले नाही तर मशीन बंद करा, पण पुसू नका. बंद अवस्थेत ती एक तिमाही अखेर ओलांडू द्या; वर्षातून चारदाच चालणारी एखादी गोष्ट यादीच्या महिन्यात सापडलेली नसते आणि ती इथे उघडी पडते. बेवारस ठरलेल्या डेटाबेसांचे डंप वेगळ्या डिस्कवर काढून त्यांतला एक खरोखर भरून पाहा. पुसण्याची तारीख मात्र पहिल्याच पत्रात छापा आणि ती कोणाच्याही विनंतीवरून एकदाच, लेखी कारण घेऊन, पुढे ढकला. जुन्या मशीनवरून काढलेली मेमरी तोवर नव्या मशीनला मिळालेली असते, तेव्हा ती परत मागायला कोणी येणार नाही.